पाचगणीचा फ्रेडी आणि त्याचं एकट्याचं गाणं

पाचगणी म्हटलं की आपल्याला टेबल लँड आठवतं, स्ट्रॉबेरी आठवते आणि शाळेच्या सहलीत घोड्यावर बसून काढलेला फोटो आठवतो. पण जगात असेही लोक आहेत की जे पाचगणीला फक्त एक शाळा बघायला येतात. तिथल्या सेंट पीटर्स स्कूलच्या होस्टेलवर पन्नासच्या दशकात फारुख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा राहत होता. पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी या नावानं 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडचा गायक झाला.

या बँडची ओळख आपल्या होस्टेलवर वेगळी करून द्यायला नको. मॅच जिंकली की 'वुई आर द चॅम्पियन्स' लागतं, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला 'वुई विल रॉक यू'च्या तालावर बाकं बडवली जातात. पण या माणसानं बँडच्या बाहेर, एकट्याच्या नावावर जे काम केलं ते का केलं, त्याचं काय झालं, आणि तो गेल्यावर त्या कामावर पुन्हा पुन्हा हात का फिरवला गेला, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. इंजिनिअरिंगच्या पोरांना ती जास्त कळेल असं मला वाटतं. कारण तिच्यात चार जणांचा ग्रुप आहे, मशीन आहे, हातातून निसटणारा वेळ आहे आणि जुना डेटा जपून ठेवल्याचा फायदाही आहे.

बोटीनं होस्टेलला

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील बोमी बुलसारा तिथल्या हायकोर्टात कॅशियर, आईचं नाव जेर. बुलसार म्हणजे गुजरातमधलं आजचं वलसाड. आडनाव त्या गावावरून आलेलं. मुलाला चांगलं इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी १९५५ मध्ये, त्याच्या वयाच्या आठव्या वर्षी, त्याला पाचगणीला ठेवलं.

आमच्या सोनाळ्याहून पाचगणी गाठायची तर सातपुड्याच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत अख्खा महाराष्ट्र तिरपा कापावा लागतो. तरी ते एका दिवसरात्रीचं काम. त्या पोराला आधी बोटीनं समुद्र ओलांडून मुंबईला यावं लागायचं आणि मग घाट चढून पाचगणी. आपल्याला घरची फारच आठवण आली तर शनिवारी दुपारची एस.टी. पकडता येते. त्याला दर सुट्टीत घरी जाता येत नव्हतं. बऱ्याच सुट्ट्या त्यानं मुंबईत नातेवाइकांकडे काढल्या. आपण सतरा-अठरा वर्षांचे घोडे झाल्यावर होस्टेलला येतो, तरी पहिल्या आठवड्यात मेसचा घास गळ्याखाली उतरत नाही. हा तर आठ वर्षांचा होता.

त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरं चिडवायची. चिडवणं काही होस्टेलला नवीन नाही. पण ते दात त्यानं पुढे पैसा आल्यावरही काढून घेतले नाहीत, आपला आवाज बदलेल या भीतीनं. शाळेत तो पियानो शिकला. रेडिओवर ऐकलेली चाल लगेच वाजवून दाखवण्याची त्याची हातोटी होती. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात मुख्य गायक दुसराच होता. फारुख पियानोवर बसायचा आणि मागून साथीला गायचा. फ्रेडी हे नावसुद्धा पाचगणीचंच. मित्र त्याला तसं हाक मारू लागले आणि ते कायमचं चिकटलं.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बुलसारा कुटुंब हातात मावेल तेवढं सामान घेऊन इंग्लंडला गेलं. लंडनजवळ हीथ्रो विमानतळाच्या बाजूला फेल्टम इथे त्यांनी बिऱ्हाड केलं. फ्रेडीनं ईलिंगच्या आर्ट कॉलेजमधून ग्राफिक आर्टचा डिप्लोमा घेतला. विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं, बाजारात कपड्यांचा स्टॉल लावला.

चार जणांचा ग्रुप

आता ग्रुपचे बाकीचे मेंबर बघा. गिटारवाला ब्रायन मे इंपीरियल कॉलेजचा, विषय फिजिक्स. त्यानं आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर वडिलांनी १९६३ पासून दोनेक वर्षं खपून घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवली. दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, एका दांडीच्या टोकाला विणकामाच्या सुईचं टोक. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला. ढोलावर रॉजर टेलर. तो डेंटिस्ट व्हायला आला होता, मग जीवशास्त्राकडे वळला. बास गिटारवर जॉन डीकन, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर आणि तोही फर्स्ट क्लास. कचऱ्यात सापडलेला एक सर्किट बोर्ड त्यानं स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर तयार केला. क्वीनच्या रेकॉर्डवर सनई-सारंगीसारखा जो गिटारचा ताफा ऐकू येतो, त्यात या खोक्याचा वाटा मोठा आहे. ब्रायनची पीएच.डी. मात्र बँडपायी राहिली ती राहिलीच. २००७ मध्ये त्यानं ती पूर्ण केली. म्हणजे बॅकलॉग कितीही जुना असला तरी निघतो!

१९७० मध्ये फ्रेडी या लोकांत आला. बँडचं 'क्वीन' हे नाव त्यानंच ठेवलं, आडनाव बदलून मर्क्युरी केलं आणि बँडचं चिन्हही स्वतःच काढलं. त्यात चौघांच्या राशी आहेत. दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीच्या दोन पऱ्या. कन्या रास त्याची स्वतःची.

आता इथे एक मजेची नोंद. क्वीनचा पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये आला. त्याच्या काही आठवडे आधीच फ्रेडीची एकट्याची एक रेकॉर्ड बाजारात आली होती, पण 'लॅरी ल्युरेक्स' अशा खोट्या नावानं. ती साफ पडली. म्हणजे त्याच्या एकट्याच्या प्रवासाची सुरुवात बँडच्याही आधीची आणि तीही नापास होऊन झालेली.

१९७५ मध्ये 'बोहेमियन रॅप्सडी' आलं. ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं, मध्येच ऑपेरा. रेडिओवाले एवढं लांब गाणं वाजवणार नाहीत असं सगळे सांगत होते. ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. त्या काळी रेकॉर्डिंग २४ ट्रॅकच्या चुंबकीय टेपवर व्हायचं. एका ट्रॅकवर एक आवाज. २४ संपले की काही ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे आवाज भरायचे. ऑपेराच्या भागात तिघांचे आवाज असे थरावर थर चढवले गेले. टेप मशीनवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा ऑक्साइडचा लेप झिजून ती उजेडात आरपार दिसायला लागली, असं बँडवाले सांगत आले आहेत.

म्युनिकचा 'मिस्टर बॅड गाय'

दहा-बारा वर्षं चौघांनी एकत्र काढली. फायनल इयरचा प्रोजेक्ट चार जणांत करताना काय होतं ते आपण जाणतोच. एकाला सगळं आपल्याच डोक्यानं हवं असतं, दुसरा खुसपट काढतो, तिसरा रिपोर्ट लिहून मोकळा होतो, चौथा गप्प बसून नेमकं काम करतो. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहायचे, आणि अल्बममध्ये कोणाचं गाणं बसायचं यावरून खटके उडायचे.

फ्रेडीला नाचाच्या तालावरचं, सिंथेसायझरचं संगीत आवडायला लागलं होतं. १९८३ च्या सुरुवातीला त्यानं म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत स्वतःचा अल्बम हाती घेतला. सोबत निर्माता मॅक आणि तिथलेच वादक. मधूनमधून क्वीनचं काम चालूच होतं, त्यामुळे हा अल्बम तयार व्हायला जवळजवळ दोन वर्षं गेली. दरम्यान १९८४ मध्ये 'लव्ह किल्स' हे त्याच्या खऱ्या नावावरचं पहिलं एकट्याचं गाणं आलं. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाला जॉर्जो मोरोडरनं नवं संगीत देऊन तो पुन्हा प्रदर्शित केला, त्यातलं ते गाणं. जुन्याला नवा आवाज देण्याचा तोही एक प्रकारच.

२९ एप्रिल १९८५ ला 'मिस्टर बॅड गाय' बाजारात आला. अकरा गाणी, सगळी त्याची स्वतःची. कव्हरवर अर्पणपत्रिका आहे ती त्याच्या मांजरांना. इंग्लंडमध्ये अल्बम सहाव्या नंबरापर्यंत गेला, अमेरिकेत फारसा कोणी विचारला नाही. 'लिव्हिंग ऑन माय ओन' हे गाणं वेगळं काढलं तर ते पन्नासाव्या नंबरावरच अडकलं.

इथे २०१८ च्या 'बोहेमियन रॅप्सडी' सिनेमाबद्दल बोललंच पाहिजे, कारण आपल्यातल्या बहुतेकांची माहिती तिथूनच आलेली आहे. सिनेमात दाखवलंय की फ्रेडीनं एकट्याचा करार केला म्हणून बँड फुटला आणि लाइव्ह एडसाठी सगळे पुन्हा एकत्र आले. तसं झालेलं नाही. रॉजर टेलरचे एकट्याचे अल्बम १९८१ आणि १९८४ मध्येच येऊन गेले होते, ब्रायन मेनं १९८३ मध्ये बाहेरचे वादक घेऊन एक छोटा अल्बम काढला होता. मग एकट्या फ्रेडीलाच गद्दार का ठरवायचं? आणि १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एडच्या दोनच महिने आधी क्वीन जपानमध्ये दौऱ्यावर वाजवत होतं. सिनेमात तो लाइव्ह एडच्या आधी आपल्या आजाराची बातमी मित्रांना सांगतो, पण त्या आजाराचं निदान झालं १९८७ मध्ये.

तरीही सिनेमानं एक प्रश्न बरोबर पकडलाय. एकट्यानं काम करताना नाही म्हणणारं कोणी नसतं, त्याचा फायदा होतो की तोटा? 'मिस्टर बॅड गाय' ऐकताना दोन्ही जाणवतं. आवाज अफाट आहे, चाली हौसेनं रचलेल्या आहेत, पण मागच्या वाजवण्यात तो ब्रायनचा ओरखडा नाही आणि रॉजरचा ठोकाही नाही.

बार्सिलोना

दुसऱ्या वेळेला त्यानं जोडीदार असा निवडला की सगळे चाटच पडले. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये. १९८३ मध्ये लंडनला तिचं गाणं ऐकून तो वेडा झाला होता. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या एका हॉटेलात दोघं भेटली. संगीतकार माइक मोरानसोबत अल्बम ठरला. त्याच सुमारास त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं. तेव्हा या आजारावर धड औषध नव्हतं. हातात वेळ थोडा आहे हे माहीत असूनही हा माणूस आयुष्यात कधी न केलेलं काम शिकायला बसला.

काबायेच्या तारखा मिळणं कठीण, म्हणून एक युक्ती केली गेली. तिच्या वाट्याच्या ओळी फ्रेडीनं स्वतः उंच, बायकी पट्टीत गाऊन टेपवर भरायच्या, ती टेप तिच्याकडे जायची आणि मग तिनं तिथे आपला आवाज द्यायचा. ऑक्टोबर १९८८ मध्ये 'बार्सिलोना' अल्बम आला. त्या महिन्यात बार्सिलोनाला ऑलिंपिकच्या निमित्तानं झालेल्या सोहळ्यात तो काबायेसोबत मंचावर उभा राहिला. त्याचा गायक म्हणून तो शेवटचा जाहीर कार्यक्रम. त्यानंतरही क्वीनचे दोन अल्बम त्यानं पूर्ण केले आणि १९९१ मध्ये, नीट उभंही राहवत नव्हतं तेव्हा, स्वित्झर्लंडमधल्या माँत्र्यूच्या स्टुडिओत जमेल तेवढं गाऊन टेपवर ठेवून दिलं. 'मदर लव्ह' या गाण्याचं शेवटचं कडवं राहिलं. ते पुढे ब्रायननं गायलं.

२४ नोव्हेंबर १९९१ ला तो लंडनच्या घरी गेला. वय ४५. आपल्याला एड्स असल्याचं त्यानं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. १९९२ मध्ये त्याच्या नावानं एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट सुरू झाला.

गेल्यानंतरचं काम

१९९२ च्या ऑलिंपिकच्या वेळी 'बार्सिलोना' गाणं पुन्हा काढलं गेलं आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरापर्यंत पोचलं. १९८५ मध्ये पन्नासावर अडकलेलं 'लिव्हिंग ऑन माय ओन' बेल्जियमच्या काही रीमिक्सवाल्यांनी नव्या ठेक्यावर बसवलं आणि १९९३ मध्ये ते थेट पहिल्या नंबरावर गेलं. इंग्लंडमधला त्याच्या एकट्याच्या नावावरचा पहिला नंबर हा असा, तो गेल्यावर दीड-दोन वर्षांनी आला.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते १९९५ चं काम. 'मिस्टर बॅड गाय'मधली दोन गाणी, 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू', ब्रायन, रॉजर आणि जॉन यांनी घेतली, फ्रेडीचा आवाज तोच ठेवला आणि बाकीची वाद्यं स्वतः नव्यानं वाजवली. जी गाणी त्यानं यांच्याशिवाय केली होती, ती यांनी त्याच्याशिवाय पूर्ण केली. अल्बमचं नावही 'मेड इन हेवन'च ठेवलं. ब्रायनच्या स्वतःच्या बाबतीत उलटं घडलं. क्वीनसाठी फ्रेडीनं गायलेलं पण बाजूला राहिलेलं एक गाणं ब्रायननं स्वतःच्या आवाजात आपल्या १९९२ च्या 'बॅक टू द लाइट' या अल्बमात घेतलं, आणि फ्रेडीच्या आवाजातलं ते १९९५ मध्ये बाहेर आलं. ब्रायनचा हा अल्बमही २०२१ मध्ये पुन्हा काढला गेला.

आता जरा टेक्निकल. जुना अल्बम पुन्हा काढताना तीन गोष्टी करता येतात. एक, रीमास्टर. तयार झालेल्या दोन ट्रॅकच्या अंतिम टेपवरच आवाजाची पातळी आणि तोल सुधारायचा. आत कोण किती मोठ्यानं वाजतंय ते बदलता येत नाही. भाजी शिजून ताटात आल्यावर वरून मीठ घालण्यासारखं. दोन, रीमिक्स. मूळ मल्टिट्रॅक टेपा शोधायच्या, प्रत्येक ट्रॅक वेगळा काढून कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि सगळं नव्यानं जुळवायचं. काही जुन्या टेपांचा चिकट लेप दमट हवेनं सुटतो, अशा टेपा आधी हलक्या उष्णतेवर काही तास भट्टीत ठेवाव्या लागतात, नाहीतर मशीनवर चढवताच लेप निघून येतो. तीन, आवाज जुना ठेवून साथ नव्यानं वाजवून घ्यायची.

फ्रेडीच्या कामावर तिन्ही झालं. २००० मध्ये त्याच्या एकट्याच्या सगळ्या गाण्यांचा मोठा संच निघाला. मूळ 'बार्सिलोना'त बहुतेक साथ कीबोर्ड आणि सिंथेसायझरची होती. २०१२ मध्ये स्टुअर्ट मॉर्ले यांनी ती सगळी स्वरलिपीत उतरवली आणि प्रागच्या पूर्ण ऑर्केस्ट्रानं ती वाजवली. काबाये तेव्हा हयात होती. ढोल वाजवला रॉजर टेलरच्या मुलानं, रूफसनं. २०१९ मध्ये 'नेव्हर बोअरिंग' या संचासाठी 'मिस्टर बॅड गाय' मूळ मल्टिट्रॅकवरून नव्यानं मिक्स झाला. त्याच वर्षी 'टाइम वेट्स फॉर नो वन' आलं. १९८६ मध्ये एका संगीत नाटकासाठी गायलेल्या गाण्यावर तेव्हा थरावर थर चढवले होते. ते सगळे काढून टाकले आणि फक्त त्याचा आवाज आणि पियानो ठेवला. म्हणजे एका ठिकाणी भर घातली, दुसऱ्या ठिकाणी वजाबाकी केली.

हे करायचा हक्क कोणाला? गेलेला माणूस हो-नाही सांगायला येत नाही. काही जणांना हे पैशासाठी चाललेलं उत्खनन वाटतं, आणि त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. पण माझं मत असं आहे की काम कोणाच्या हातात आहे आणि मूळ वस्तू शाबूत आहे की नाही, या दोन गोष्टी पाहाव्यात. १९९५ चं काम ज्यांनी केलं ते त्याच्याशी वीस वर्षं भांडलेले लोक होते. आणि १९८५ ची टेप कोणी पुसलेली नाही. प्रोजेक्टची जुनी फाइल डिलीट करून त्याच नावानं नवी सेव्ह करणारे आपल्यात कितीतरी निघतील. या लोकांनी मूळ प्रत ठेवून तिच्या शेजारी नवी ठेवली.

पाचगणीत पियानोमागे बसून दुसऱ्याच्या गाण्याला साथ देणाऱ्या पोराचा आवाज आज ऑर्केस्ट्रा बदलला, ठेका बदलला, मशीन बदललं तरी जागचा हलत नाही. या सबमिशनच्या धावपळीतून सुटलात की एक करा. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हे गाणं आधी 'मिस्टर बॅड गाय'मधलं ऐका, मग लगेच १९९५ चं ऐका. आवाज तोच आहे. फरक आहे तो मागे वाजवणाऱ्यांचा. तो ऐकून झाला की आपल्या ग्रुपमधल्या खुसपट काढणाऱ्या मेंबरला एक चहा पाजा.